विझलेले कंदील

‘जगातली सर्वात धोकादायक दहा ठिकाणं’ असे व्हिडिओ सारखे फिरत असतात. सापांचं बेट, उकळता ज्वालामुखी, मागे धडधडतं संगीत. मला ते बघवत नाहीत. तिथे हौसेने जाणारा माणूस चार दिवसांत परत येतो. पण ज्यांचं घरदारच अशा जागी आहे, त्यांचं काय?

आमच्याकडे जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी दोराला बांधून पेटता कंदील खाली सोडतात. तो विझला, तर खालची हवा श्वास घेण्याजोगी नाही; मग कुणी उतरायचं नाही.

आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री अख्ख्या खोऱ्याची अशी विहीर झाली. न्योस नावाचं तळं, दोनशे मीटरहून खोल. जमिनीखालून येणारा कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं तळाच्या पाण्यात मुरत राहिला होता, बूच लावलेल्या सोड्यासारखा. रात्री नऊच्या सुमारास तो उसळून बाहेर पडला. हवेपेक्षा जड, म्हणून उताराने खाली वाहत गावांत शिरला. सुमारे 1,700 माणसं गेली. गुरं तर हजारोंनी. जी थोडी माणसं वाचली, त्यांनी उठून पाहिलं तर घरातले दिवे विझलेले, आणि दिव्यांत तेल तसंच.

माझा जीव तुटतो तो पुढच्या गोष्टीने. दोनच वर्षं आधी, तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या मोनून तळ्याने असेच 37 जीव घेतले होते. तरी न्योसकाठच्या लोकांना सावध करायला कुणी आलं नाही. आणि उपाय काय निघाला? तळापर्यंत सोडलेला एक पाइप! सुरुवातीला पंपाने पाणी ओढायचं, मग गॅसच्याच जोराने कारंजं आपोआप उडत राहतं, आणि साचलेला गॅस थोडा थोडा बाहेर पडतो. हा कायमचा पाइप बसायला 2001 उजाडलं. पंधरा वर्षं. गावं सोडावी लागलेल्या माणसांनी तो काळ परक्या जागी, छावण्यांत काढला. हा उशीर मला त्या तळ्याइतकाच जीवघेणा वाटतो.

काँगो आणि रवांडाच्या सीमेवरचं किवू तळं तर न्योसहून कितीतरी पट मोठं. त्यात कार्बन डायऑक्साइड आहे, मिथेनही आहे, आणि काठावर लाखोंची वस्ती. 2002 मध्ये शेजारच्या न्यिरागोंगो ज्वालामुखीचा लाव्हा गोमा शहर चिरत थेट या तळ्यात उतरला होता. त्या भागात जमिनीतून झिरपलेला गॅस खोलगट जागी साचतो. लोक त्याला ‘माझुकू’ म्हणतात. खेळता खेळता तिथे उतरलेली लेकरं दगावतात.

रवांडाच्या बाजूला आता त्याच मिथेनवर 26 मेगावॅटचं वीजकेंद्र चालतं. त्या काठावरच्या घरांत संध्याकाळी दिवे लागतात.