तळं बुजवून भात लावताय? गाळ कुठे जातोय ते आधी बघा

‘मासे काढले की तळं बुजवा आणि भात लावा. गाळ म्हणजे सोनं, तीन वर्षं खताचं पोतं आणायला नको. क्षार असले तरी पावसात धुऊन जातात.’ कोल्हापूर भागात हा सल्ला मोबाईलवर फिरतोय. त्यातलं गाळाचं तेवढं अर्धं खरं आहे.

गाळ सोनं असेलही, पण तळं बुजवताना तो जातो कुठे? तळं खोदताना वरचा पोयटा, म्हणजे सुपीक माती, बांधावर गेलेला असतो आणि तळाशी मुरूम किंवा घट्ट चिकणमाती उरते. माशांची विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य साचून झालेला गाळ त्यावर जेमतेम काही इंच. जेसीबीने बांध सरळ आत लोटला की हे सोनं चार-पाच फूट खाली गाडलं जातं, आणि भाताची बहुतेक मुळं तर वरच्या वीतभर मातीतच असतात. म्हणून आधी गाळ खरवडून बाजूला घ्या. मग खाली मुरूम, त्यावर पोयटा आणि सर्वांत शेवटी गाळ पसरा.

तोही ओला नको. फावड्याने उभा काप घेतला तर वर पातळ तपकिरी थर दिसतो. खाली काळा, लोण्यासारखा, सडक्या अंड्यांच्या वासाचा. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. असा गाळ चिखलणीत गेला की रोपांची मुळं काळी पडतात. तळं फेब्रुवारीत रिकामं झालं तर मेपर्यंत गाळ उन्हात भेगा पडेस्तोवर वाळवा, अधूनमधून उलथा. काळा रंग जाऊन तपकिरी आला, वास गेला, की तो तयार.

नमुना कुठला? गाळ, बांध आणि तळ यांचे वेगवेगळे. गाळातही मोरीकडच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या तोंडाकडच्या, खोल भागाचा आणि उथळ भागाचा वेगळा, कारण बारीक गाळ खोलात साचतो. प्रत्येकी 8-10 ठिकाणची माती एकत्र करून, चार भाग पाडत अर्धा किलोवर आणा आणि सावलीत वाळवा. सपाटीकरणानंतर वरच्या 15 सेंटिमीटरचा नमुना पुन्हा द्या. आधीचा अहवाल ढिगाचा असतो, वाफ्याचा नव्हे.

‘तीन वर्षं खत नको’ हे तर महागात पडेल. खाद्यातलं स्फुरद (फॉस्फरस) गाळात साठतं. उपलब्ध स्फुरद हेक्टरी 35 किलोंच्या वर आलं तर त्या हंगामात सुपर फॉस्फेट टाळता येतं. नत्राचं (नायट्रोजनचं) तसं नाही. वाळलेला गाळ भिजला की ते एकदम मोकळं होतं आणि त्यातलं बरंचसं साचत्या पाण्यात वायू होऊन उडून जातं. सुरुवातीला भात गर्द हिरवा, माजलेला. मग करपा रोग आणि लोळणं. घनसाळसारखा उंच भात आधी आडवा होतो. लागणीचा नत्राचा हप्ता थांबवा, फुटव्यांच्या वेळी पानांचा रंग बघून द्या. पालाश (पोटॅश) मात्र अहवालाप्रमाणे द्याच.

जस्ताकडे (झिंककडे) कुणी बघत नाही. तळ्यात टाकलेल्या चुन्याने सामू (पीएच) चढतो, स्फुरदही जास्त, त्यामुळे जस्त अडकतं. लागणीनंतर 2 ते 4 आठवड्यांत खालच्या पानांवर तांबूस ठिपके दिसतात. अहवालात जस्त 0.6 पीपीएमच्या खाली असेल तर एकरी 10 किलो झिंक सल्फेट द्या, पण स्फुरदाच्या खतात मिसळून नको.

राहिले क्षार. गगनबावड्याचा धो धो पाऊस शिरोळात पडत नाही. शिरोळच्या क्षारपड, चिबड (पाणी धरून राहणाऱ्या) काळ्या रानात भूजल वर असतं. निचरा नसेल तर धुतलेले क्षार उन्हाळ्यात पुन्हा वर येतात. इथे आकड्यांचाही घोळ होतो. भात 3 डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत (क्षार मोजायचं एकक) क्षार सोसतो असं सांगतात, ते मातीच्या संपृक्त अर्काचं, म्हणजे पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचं माप. प्रयोगशाळा बहुधा एक भाग माती अडीच भाग पाण्यात ढवळून मोजते, आणि भारी जमिनीत संपृक्त अर्काचा आकडा त्याच्या साधारण तिप्पट-चौपट निघतो. म्हणजे अहवालात 1 दिसला तरी भात काठावर आहे. 60 सेंटिमीटर खोलीचाही नमुना घ्या. मातीचं ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या ग्लासात ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिलं तर जमीन चोपण (सोडियम जास्त झालेली) असण्याची शंका धरा आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेलं, सोडियम तपासून घ्या. ते 15 टक्क्यांवर असेल तरच जिप्समचा हिशोब करा, आणि तोही निचऱ्याचे चर काढल्यानंतर.