निकाल हा विद्यार्थ्याचाच एक प्रकार

अभिनंदन! पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या सत्राचा ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’ (ओओपी) हा विषय तुमच्या गळ्यात पडला आहे. त्यातून तुम्ही तासिका तत्त्वावर असाल तर पहिला प्रश्न ‘आधीच्या मॅडमच्या नोट्स कुठे मिळतील?’ हाच हवा. ‘शिकवायचं कसं?’ हा प्रश्न पडत असेल तर तुमचं काही खरं नाही.

सुरुवात लॅबपासून करा. प्रत्येक पीसीवर टर्बो सी++ ३.० आहे ना, ते बघा. हा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत उतरवणारा, १९९१ चा आणि सी++ भाषेचं पहिलं आयएसओ प्रमाण १९९८ चं. म्हणजे नियमावली छापून येण्याच्या सात वर्षं आधीच आपला गडी मैदानात उतरला होता. त्याला नेमस्पेस (नावांची गटवारी) माहीत नाही, बूल (खरं-खोटं साठवायचा प्रकार) माहीत नाही, एक्सेप्शन (चूक झाली तर सावरायची सोय) तर नाहीच नाही. ६४ बिटी विंडोजवर तो आपणहून चालत नाही, जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या कडेवर बसवावा लागतो. पण निळा पडदा आणि कंट्रोल-एफ९ (प्रोग्रॅम चालवायची कळ) पाहिलं की मुलांना आपण काहीतरी भारी करतोय असं वाटतं, आणि हे वाटणं सत्रभर पुरतं. एखादं पोरगं घरी जी++ हा नवा कंपायलर टाकून बसलं आणि जर्नलमधला प्रोग्रॅम चालत नाही म्हणू लागलं, तर खरं कारण सांगू नका. नव्या कंपायलरला आयओस्ट्रीम.एच ही जुनी फाइल सापडत नाही आणि व्हॉइड मेन ही प्रोग्रॅमची जुनी सुरुवात खपत नाही, एवढं बोललात की पंचवीसच्या पंचवीस प्रात्यक्षिकं संशयाच्या भोवऱ्यात. ‘तुझ्या लॅपटॉपला व्हायरस असेल’ हे उत्तर आजवर कुणी खोडलेलं नाही.

डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांपुरतंच. त्यामुळे साऱ्या लॅबची फाइल ‘इनहेरिट१’ असते आणि ती त्याच बिन फोल्डरात जाऊन पडते. सकाळच्या बॅचने लिहिलेलं दुपारची बॅच चालवते. अभ्यासक्रमात ओओपीचा फायदा म्हणून ‘पुनर्वापर’ दिलेला आहे. तो हाच, असं म्हणायला हरकत नाही.

या कंपायलरचा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच मोजणारा. ‘एम्प्लॉयी’ क्लासमध्ये (क्लास म्हणजे साचा, त्यातून घडतो तो ऑब्जेक्ट) मूळ पगार ३०,००० आणि भत्ता १५,००० धरून बेरीज केली की पडद्यावर उणे २०,५३६ येतात. मुलं गोंधळतील. तुम्ही तासिका तत्त्वावर असाल तर तुम्हाला आकडा ओळखीचा वाटेल. मोठे आकडे मावणारा लाँग वापरायचा की लगेच छोटे आकडे घ्यायला सांगायचं, हे ठरवायला वेळ घालवू नका. मूळ पगार ३०० धरा आणि पुढे चला.

इतिहासाला एक स्लाइड पुरे. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला घडवली ती रांगा, वाहतूक असल्या चालत्या व्यवहारांची नक्कल संगणकावर करता यावी म्हणून. आणि ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये तिचे क्लास सीमध्ये आणायला घेतले. हे बोलून दाखवू नका. ऑब्जेक्टचा कशाला तरी उपयोग होता असा समज पसरतो.

आता पॉलिमॉर्फिझम, म्हणजे बहुरूपता. उदाहरण ठरलेलं आहे: एकच माणूस घरी बाप, ऑफिसात साहेब, एसटीत प्रवासी. ते अजिबात बदलू नका. त्यात एक माणूस आणि अनेक सोंगं आहेत. व्हर्च्युअल फंक्शनमध्ये, म्हणजे जे प्रत्येक वारस क्लास आपापल्या परीने लिहितो त्यात, बरोबर उलटं असतं, हाक एक आणि ओ देणारे अनेक. वीजबिलाचं उदाहरण घेतलं तर पोरांना हे पटकन कळेल, म्हणूनच ते टाळायचं. ‘कनेक्शन’ हा बेस, म्हणजे मूळ, क्लास, त्यात ‘बिलकाढ’ व्हर्च्युअल. घरगुती, शेतीपंप आणि कारखाना हे तिघे आपापल्या दराने हिशोब करतात. बेस पॉइंटरचा ॲरे (मूळ क्लासच्या नावाने ठेवलेल्या पत्त्यांची रांग) आणि त्यावर एक लूप. मग चौथा प्रकार, समजा पथदिवे, वाढवायला सांगायचा आणि लूपची एकही ओळ बदलावी लागत नाही हे दाखवायचं. मग ‘व्हर्च्युअल’ शब्द खोडायचा आणि चौघांनाही बेसचाच दर लागतो हे दाखवायचं. सगळा धडा अर्ध्या तासात संपतो. उरलेला दीड तास तुम्ही काय करणार?

पण या विषयाचा खरा दागिना म्हणजे व्हर्च्युअल बेस क्लासचं प्रात्यक्षिक. ‘स्टुडंट’पासून ‘टेस्ट’ आणि ‘स्पोर्ट्स’ काढायचे आणि त्या दोघांपासून ‘रिझल्ट’. वारसा म्हणजे ‘हा त्याचा एक प्रकार आहे’, अशी व्याख्या तुम्ही सोमवारी फळ्यावर लिहिलेली असते. त्या हिशोबाने मंगळवारी चाचणी परीक्षा ही विद्यार्थ्याचा एक प्रकार होते, खेळाचे गुण हा दुसरा प्रकार आणि निकाल हा या दोघांच्या पोटी जन्मलेला विद्यार्थी. व्हर्च्युअल लिहायला विसरलात तर त्या निकालाला दोन रोल नंबर येतात आणि ‘कोणता घेऊ?’ म्हणून कंपायलर अडून बसतो. मग ‘व्हर्च्युअल’चा शिक्का मारून आपणच केलेला घोळ आपणच निस्तरायचा आणि त्याला भाषेचं सामर्थ्य म्हणायचं. विद्यार्थ्याच्या पोटात गुणांचा एक ऑब्जेक्ट ठेवला असता तर वारसाही लागला नसता आणि व्हर्च्युअलही. पण मग त्या प्रश्नाचे गुण कशाला मिळणार? वर्गात कुणी विचारलंच, ‘सर, रिझल्ट स्टुडंट कसा?’, तर त्याला पुढच्या बाकावर बसवा आणि रोज फळा पुसायला लावा.

नावासाठी कॅरॅक्टरचा २० चा ॲरे घ्या. त्यात मावतात १९ अक्षरं, विसावी जागा शेवटच्या शून्याची. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी रीत, पण काळजी नको, कीबोर्डवरून वाचणारं सीइन पहिल्या स्पेसलाच थांबतं. ‘ज्ञानेश्वर पाटील’ लिहिलं की नावात ज्ञानेश्वर जातो आणि पाटील पुढच्या सीइनमध्ये गुण म्हणून घुसतात. पाटलांचा आकडा होत नाही, सीइन रुसतं, त्यानंतरचं काहीही वाचत नाही, आणि मेनू असलेला प्रोग्रॅम असेल तर तो मेनू थांबायचं नावच घेत नाही. उपाय गेटलाइन, क्लिअर आणि इग्नोर या तीन शब्दांत आहे, पण तो सांगितला तर इनपुट म्हणजे काय ते समजावणं आलं. ‘आडनाव टाकू नका रे’ एवढीच सूचना द्या.

क्लासच्या शेवटच्या कंसानंतरचा अर्धविराम दर प्रात्यक्षिकाला तीस जण विसरतात. टर्बो त्यावर ‘टू मेनी टाइप्स इन डिक्लरेशन’ असं ओरडतो आणि बोट दाखवतो खालच्या व्हॉइड मेनकडे, कारण अर्धविराम नसल्यामुळे क्लास आणि व्हॉइड हे दोन्ही मेनचेच टाइप असं त्याला वाटतं. हे एकदा समजावलं तर मुलं एरर वाचायला शिकतील. त्यापेक्षा फिरत फिरत जाऊन स्वतः अर्धविराम टाकत चला. दोन तासांची फेरी होते, तब्येतीला चांगलं.

एक गोष्ट मात्र जन्मात करू नका: चालणारा प्रोग्रॅम देऊन ‘यात अमुक बदल कर’ असं सांगणं. ‘बॅलन्स’ पब्लिक, म्हणजे कुणालाही बदलता येणारा, असताना तो मेनमध्ये दहा ठिकाणी थेट बदलायला लावला आणि मग किमान शिल्लक ५०० चा नियम आला, तर दहाही ठिकाणी दुरुस्ती करताना प्रायव्हेट कशासाठी असतं ते मुलाला न सांगता कळतं. असं कळलेलं पोरगं नंतर बेसच्या पॉइंटरवरून डिलीट केल्यावर डिराइव्ह्डचा (वारस क्लासचा) डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट मोडताना चालणारं फंक्शन, का चालला नाही, असलं काहीतरी विचारतं. त्यापेक्षा प्रत्येक डेटा मेंबर प्रायव्हेट, प्रत्येकाला वाचायला एक गेट आणि बदलायला एक सेट, ही आखणी सोयीची. कुलूपही लागतं आणि किल्लीही दारातच लटकते.

जर्नलचं मात्र कडक पाळा. उद्देश निळ्या पेनने, शीर्षक काळ्या, समास लाल. आउटपुट डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने. सह्या सबमिशनच्या आठवड्यात एकदम करा. रोज केल्यात तर मुलं रोज लिहून आणतील. मायक्रोप्रोजेक्टला ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ आणि ‘बँक मॅनेजमेंट’ हे दोनच विषय ठेवा, म्हणजे चौघांच्या गटात टायपिंग कुणी केलं हा वाद उरत नाही. थिअरीला जुन्या समर-विंटर पेपरांची मॉडेल उत्तरं वाचून दाखवा. ‘क्लास आणि स्ट्रक्चरमधला फरक’ चार गुणांना येतोच. खरा फरक मेंबर मुळात प्रायव्हेट की पब्लिक आणि तसाच वारसा, एवढाच, पण रकाने दोन आणि मुद्दे चार हवेत.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) यायच्या आत कांदेपोहे सांगून ठेवा. चिठ्ठीत कुणालाही काहीही येऊ दे, चौथ्या पीसीवरचा ‘इनहेरिट१’ चालतो, तेव्हा एकेकाला त्याच खुर्चीत बसवा. एक्स्टर्नल ‘ओओपीचा फुल फॉर्म काय?’ विचारतील, मुलगा सांगेल, सर मान डोलावतील, मग कंट्रोल-एफ९. आउटपुटमध्ये दोन वर्षांपूर्वीच्या बॅचचा ज्ञानेश्वर उमटेल, आडनावाशिवाय, बहात्तर गुण घेऊन. समोर बसलेली सायली असेल. सरांचं लक्ष पोह्यांवरच्या शेवेत असतानाच सही घ्या.