कार्यानुभव म्हणजे फुकटची राबणूक? एका प्रतिक्रियेला उत्तर

हॉटेलातला दोन आठवड्यांचा कार्यानुभव म्हणजे विद्यार्थ्यांकडून फुकट भांडी घासून घेण्याची सोय आहे आणि त्यातून शिकाऊ उमेदवारीची वाट निघते हे माझे म्हणणे भाबडेपणाचे आहे, असा आपला आक्षेप आहे. त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या जागी ड्यूटी चार्टवर विद्यार्थ्याचे नाव लागले, की तो कार्यानुभव राहत नाही, ती बिनपगारी नोकरी होते.

मात्र आपण कार्यानुभव आणि शिकाऊ उमेदवारी या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता, हे मला पटत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ मध्ये स्वीकारलेल्या २०८ क्रमांकाच्या शिफारशीत शिकाऊ उमेदवारीसाठी करार, मोबदला, कामावरचे व कामाबाहेरचे शिक्षण आणि अखेरीस मान्यताप्राप्त पात्रता या बाबी अपेक्षित आहेत. कार्यानुभवाकडून ती अपेक्षा नाही. करारावर सही करण्यापूर्वी मुलांना हा व्यवसाय आतून दिसावा, एवढेच त्याचे काम.

आणि तो भांडी घासण्याच्या जागेवरूनही दिसतो (पंधरा दिवस तिथेच उभे केले तर नव्हे, हे उघड आहे). कोणत्या पदार्थाच्या ताटल्या अर्ध्या भरलेल्या परत येतात, हे मुख्य शेफच्या आधी तिथल्या माणसाला कळते. चॉपिंग बोर्ड सरकू नये म्हणून त्याखाली ओले फडके घालायचे, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली आणि गरम पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवायचे, या गोष्टी वर्गात पाठ होतात. पण गर्दीच्या वेळीही कोणी थर्मामीटर लावून नोंदवहीत आकडा लिहितो की अंदाजाने भरतो, हे तिथे उभे राहिल्यावरच समजते.

माझ्या देखरेखीखालच्या एका विद्यार्थिनीने चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातली उष्णता आणि आरडाओरडा सोसत नसल्याचे स्पष्ट सांगितले. उरलेले दिवस तिने फ्रंट ऑफिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या स्वागत-नोंदणीच्या विभागात, काढले आणि पुढे शिकाऊ उमेदवारीही त्याच विभागात घेतली. कराराच्या सहाव्या महिन्यात हे उमगले असते, तर तिचे आणि मालकाचे दोघांचेही नुकसान झाले असते.

म्हणून शाळेने विद्यार्थी पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात, असे मी सुचवेन: जबाबदार व्यक्तीचे नाव, किमान दोन विभागांतला फेरपालट आणि शेवटच्या दिवशी विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलणे. जो मालक हे द्यायला तयार नसेल, त्याच्याकडे मुले पाठवू नयेत, इथे मी आपल्याच बाजूचा आहे.