पोरीला अ‍ॅम्ब्युलन्सवर कशाला पाठवलंस?

गेल्या महिन्यात ताईने फोनवर हे विचारलं. माझी लेक इथे अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दर शनिवारी अ‍ॅम्ब्युलन्सवर १२ तासांची पाळी करते. ताईला वाटलं, आमची पैशाची ओढाताण चालली असावी. "अभ्यासाच्या वयात अभ्यास करावा रे, नोकरी आहेच की पुढे आयुष्यभर."

लेकीने हे काम एकाएकी धरलेलं नाही. सोळाव्या वर्षी ती इथल्या स्विमिंग पूलवर लाइफगार्ड झाली. रेड क्रॉसच्या चाचणीत तळाशी टाकलेली १० पौंडांची वीट बुडी मारून काढावी लागते आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून, उताणं पोहत परत आणावी लागते. सगळं मिळून १ मिनिट ४० सेकंदांत. पुढची दोन वर्षं उंच खुर्चीवर बसून तिने फक्त पाणी पाहिलं. खूप वेळ एकाच पाण्याकडे पाहिलं की नजर मरते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने खुर्च्या बदलतात. अठरा पूर्ण झाल्यावर तिने अ‍ॅम्ब्युलन्सवर प्रथमोपचार करणाऱ्या इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा, म्हणजे ईएमटीचा कोर्स केला. साधारण दीडशे ते दोनशे तासांचा, संध्याकाळी कॉलेज सांभाळून. शेवटी देशपातळीवरची परीक्षा.

पूलवर सगळी धडपड काही होऊ नये यासाठी असते. अ‍ॅम्ब्युलन्स पोहोचते तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, तेही अनोळखी घरात. एकदा बाथरूममध्ये पडलेल्या एका आजींकडे ती गेली होती. मान, कंबर तपासली, पण त्या कशालाच नीट उत्तर देईनात. मग हिने बेसिनखाली गेलेला चष्मा शोधून पुसला आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला. "बाबा, चष्मा नव्हता म्हणून त्या घाबरल्या होत्या. समोर कोण आहे तेच दिसत नव्हतं." एकोणीस वर्षांच्या पोरीला हे सुचलं, आणि ते कोणत्याही धड्यात नव्हतं.

आपल्याकडे पावसाळ्यात धरणावर, धबधब्यावर कुणी बुडालं की तीच चर्चा सुरू होते: माणुसकी उरली नाही, लोक नुसते मोबाइल काढून उभे राहतात. मला हे पटत नाही, कारण त्या उभ्या राहणाऱ्यांत मी होतो. कॉलेजात असताना विहिरीतून एका मुलाला वर काढलं, तेव्हा चौघांनी त्याला पाय धरून उलटं केलं, गरगर फिरवलं, पोट दाबलं. माणुसकी भरपूर होती. काय करायचं ते मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. तो मुलगा गेला. लेकीचं पुस्तक चाळताना इतक्या वर्षांनी कळलं, की बुडालेल्याला आधी हवा लागते. श्वास थांबला असेल तर पोटातलं पाणी काढण्यात वेळ न घालवता तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती दाबायची: ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं, असं मी म्हणणार नाही. इथे अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल शेकडो, कधी हजारो डॉलर येतं; छातीत दुखत असतानाही लोक टॅक्सीने जातात. ईएमटीचा पगारही कामाच्या मानाने फार कमी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची गाडी मोफत येते, डॉक्टरला घेऊन येते. ही मोठी गोष्ट आहे आणि ती आपण टिकवलीच पाहिजे.

पण गाडी येईपर्यंतची मिनिटं कुणाची? लेकीला पूलवरून अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत चढता आलं, तशी पायरीच आपल्याकडे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं, आज कितीतरी कॉलेजांत ती योजना आहे. तिच्यातून मुलं ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत राबतात. त्यातल्याच काहींना जीवरक्षकाचं शिक्षण देऊन विसर्जनाच्या घाटावर उभं करावं, आणि वर्षभराने १०८ वर डॉक्टरच्या हाताखाली आठवड्यातून एक पाळी द्यावी. ताईची काळजी खोटी नाही. एका रविवारी लेक जेवलीच नाही, काय झालं तेही दोन दिवस बोलली नाही. परीक्षेच्या महिन्यात पाळ्या बंद, हा नियम आम्ही तेव्हापासून केला. अशा प्रसंगानंतर पोरांशी बोलणारं जाणतं माणूस हवंच. ते नसेल तर ही योजना सुरूच करू नये.

परवा भाच्याने व्हिडिओ कॉल लावला. त्याला छाती कशी दाबायची ते शिकायचं होतं. तो पलंगावर उशी ठेवून बसला होता. "दादा, खाली फरशीवर ये, पलंग दबतो," लेक म्हणाली. ताई उठली, आतून लोड आणून तिनेच फरशीवर टाकला आणि फोन धरून उभी राहिली. इकडे लेक मोजत होती, एक, दोन, तीन, आणि तिकडे ताईही मोजायला लागली.