मंगळ चंद्राएवढा दिसत नाही, आणि रात्री फोन बंद करू नका

काल रात्री साडेबारापासून आत्याचा फोन लागत नव्हता. आतोबांची अँजिओप्लास्टी होऊन जेमतेम दोन महिने झालेत, म्हणून आम्ही सगळे फोन उशाशी घेऊन झोपतो. तिकडे मात्र घरातले दोन्ही मोबाइल बंद करून, टॉवेलात गुंडाळून माळ्यावर ठेवलेले. कारण व्हॉट्सॲपवर आलेला हा निरोप: 27 ऑगस्टला मंगळ पूर्ण चंद्राएवढा दिसेल, आकाशात दोन चंद्र असतील, असा योग पुन्हा 2287 सालीच, आणि रात्री 12.30 ते 3.30 मंगळावरून वैश्विक किरण येतील, मोबाइल बंद करून लांब ठेवा, नासाने सांगितलंय.

आधी किरणांचं, कारण आमचा जीव टांगणीला लागला तो त्यांच्यापायी. मंगळ असले किरण सोडत नाही. तो दिसतो तोच मुळी सूर्याच्या प्रकाशाने. वैश्विक किरण म्हणजे अवकाशातून येणारे प्रचंड वेगवान कण; ते थोडे सूर्याकडून आणि बाकीचे सूर्यमालेच्या बाहेरून येतात, रात्रंदिवस, बारा महिने. वातावरण त्यातले बहुतेक अडवतं. त्यांच्या धडकांतून तयार होऊन जमिनीपर्यंत पोचणारे म्यूऑन कण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ उटीला वर्षानुवर्षं मोजतायत. हे कण मोबाइल बघून वळत नाहीत आणि साडेतीनला थांबतही नाहीत. आजारी माणसाच्या घरात फोन बंद करायला सांगणाऱ्याला एवढं तरी विचारायला नको होतं का कुणाला?

आता दोन चंद्र. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. 27 ऑगस्ट 2003 ला मंगळ खरंच सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला होता. तेव्हाच्या मूळ ईमेलमध्ये लिहिलं होतं की 75 पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळाली आणि चंद्र उरला. नासाचं नाव घेता ना? त्याच नासाने 2005 सालीच ही थाप असल्याचं स्पष्ट लिहिलंय.

आकडे बघा. मंगळाचा व्यास सुमारे 6,780 किलोमीटर, चंद्राचा 3,475. म्हणजे मंगळ जवळपास दुप्पट, हेही खरं. पण चंद्र आपल्यापासून 3 लाख 84 हजार किलोमीटरवर, आणि 2003 च्या त्या रात्रीही मंगळ 5 कोटी 57 लाख किलोमीटरवर होता. मोहरीचा दोन मिलिमीटरचा टपोरा दाणा डोळ्यापासून वीतभर धरा, तो चंद्राएवढा दिसतो. तोच दाणा सोळा मीटर लांब, अंगणापलीकडच्या कुंपणावर ठेवा. मंगळ सगळ्यात जवळ असताना दिसतो तो एवढा.

चंद्राएवढा दिसायला त्याला साडेसात लाख किलोमीटरवर यावं लागेल. मग नुसतं गच्चीत उभं राहून बघणं होणार नाही. मंगळाचं वस्तुमान चंद्राच्या जवळजवळ नऊपट, त्यामुळे इतक्या जवळून तो चंद्राइतकीच, किंबहुना थोडी जास्तच भरती उठवेल. दोघे एका रेषेत आले की भरती दुपटीहून मोठी. आत्याचं घर खाडीच्या काठावर आहे. साध्या उधाणाला पाणी कुठवर येतं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आणि हा निरोप दरवर्षी फिरतो, तर दरवर्षी ऑगस्टमध्येच हे कसं? मंगळाची प्रतियुती, म्हणजे सूर्य आणि मंगळ यांच्या मधोमध पृथ्वी येणं, साधारण 26 महिन्यांनी येते. मागची 16 जानेवारी 2025 ला झाली, पुढची 19 फेब्रुवारी 2027 ला आहे. त्या दिवसांत तो रात्रभर दिसतो, तांबूस आणि ठळक. तेव्हा जरूर बघा.

2287 चा आकडा तेवढा बरोबर आहे. त्या ऑगस्टमध्ये मंगळ 2003 पेक्षाही किंचित जवळ येईल, आणि तेव्हाही ठिपकाच दिसेल.

सकाळी हे सगळं आत्याला सांगितलं. मोबाइल आता आतोबांच्या उशाशी आहेत, दोन्ही चालू.