पगार नको, भाडं नको, मग संस्था चालवायची कशी?

सामाजिक संस्थेने निधीसाठी दिलेल्या प्रस्तावात ऑफिसचं भाडं किंवा अकाउंटंटचा पगार दिसला की कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांचं, म्हणजे सामाजिक कामाचा निधी सांभाळणाऱ्यांचं, उत्तर ठरलेलं: "नियमात प्रशासकीय खर्चाला पाचच टक्के बसतात." अहो, नियम नीट वाचा! ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासकीय खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्येच हे स्पष्ट केलंय. तरी कात्री संस्थेवरच!

आणि मागण्या किती? दर तिमाहीला विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, त्यावर सीएची सही, प्रत्येक व्हाउचरची स्कॅन प्रत, जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले फोटो. हे करणार कोण? ज्याचा पगार तुम्ही खोडलात तोच ना? मग दिवसभर वस्तीत फिरलेली ताई रात्री बिलं चिकटवत बसते.

करार एका वर्षाचा. पहिला हप्ता येईपर्यंत अर्धं वर्ष सरतं, खर्च मात्र ३१ मार्चच्या आत हवा. दुसरा हप्ता लांबला की पगार थकतो तो त्या ताईचाच. ती सोडून गेली की वर विचारणार, "तुमच्याकडे माणसं का टिकत नाहीत?"

टिकतील कशी? किमान तीन वर्षांचा करार करा, पगार-भाडं पूर्ण धरा, ऑडिटची फी वेगळी द्या. एवढं तरी करा!