‘जेवढं पाहिलं तेवढेच पैसे’: व्हिडिओ जाहिरातींबद्दलचा हा दावा टिकत नाही

मार्केटिंगच्या ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा आशय असा: ऑनलाइन व्हिडिओ जाहिरातीचा धंदा वाढला, कारण इथे प्रत्येक प्रेक्षक मोजला जातो. जो पाहतो त्याचेच पैसे लागतात. स्किप झालेली जाहिरात वाया जाते. टीव्हीवर अंदाज चालतो, इथे चोख हिशेब. तेव्हा सगळं बजेट इकडे वळवा, विक्री वाढणारच. नवे जाहिरातदार यावर विसंबून पैसे लावतात, म्हणून यातलं एकेक विधान तपासायला हवं.

धंदा वाढला, याबद्दल वाद नाही. गूगलने २००६ मध्ये १.६५ अब्ज डॉलरचे शेअर देऊन यूट्यूब घेतलं. यूट्यूबच्या जाहिरातींचं वार्षिक उत्पन्न स्वतंत्रपणे जाहीर व्हायला लागलं ते २०२० पासून. २०१७ मध्ये ते ८.१५ अब्ज डॉलर होतं, २०१९ मध्ये १५.१५ अब्ज, आणि २०२४ मध्ये ३६ अब्जांच्या पुढे गेलं. प्रश्न आहे तो या वाढीवरून काढलेल्या निष्कर्षांचा.

‘प्रत्येक प्रेक्षक मोजला जातो’

मोजली जातात ती उपकरणं आणि प्लेअरकडून आलेले सिग्नल. एकच माणूस मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्हीवर वेगवेगळ्या लॉगिनने दिसला, तर रिपोर्टमध्ये तो तिघं जण होऊ शकतो. मग ‘एका व्यक्तीला तीनदाच दाखवा’ अशी मर्यादा घातली तरी त्याला तीच जाहिरात नऊ वेळा दिसते. टीव्हीला जोडलेल्या स्ट्रीमिंग स्टिकचा घोळ आणखी वेगळा. टीव्ही बंद केला तरी स्टिक चालूच राहू शकते आणि जाहिराती काळ्या पडद्यावर ‘पूर्ण पाहिल्या’ म्हणून नोंदवल्या जातात.

त्यात ‘व्ह्यू’चं माप सगळीकडे एक नाही. मीडिया रेटिंग काउन्सिल या प्रेक्षकमोजणीचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेनुसार निम्मे पिक्सेल सलग २ सेकंद पडद्यावर असले की व्हिडिओ जाहिरात ‘दिसण्याजोगी’ ठरते. फेसबुकने वर्षानुवर्षं ३ सेकंदांना व्ह्यू म्हटलं. यूट्यूबच्या स्किप करता येणाऱ्या जाहिरातीत ३० सेकंद, किंवा जाहिरात त्याहून छोटी असेल तर ती पूर्ण, अशी अट होती. या तिन्हींचे आकडे एका एक्सेल शीटमध्ये एकाखाली एक मांडून बेरीज करणाऱ्या एजन्सीचा रिपोर्ट परत पाठवावा. माप मध्येच बदलतं, तेही लक्षात ठेवायला हवं. मार्च २०२५ च्या अखेरीस यूट्यूबने शॉर्ट्ससाठी (छोट्या उभ्या व्हिडिओंसाठी) नियम बदलला आणि व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरायला सुरुवात केली. त्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या व्ह्यूंची तुलना करून ‘वाढ’ दाखवणं चूकच.

खुद्द कंपनीचं गणितही चुकतं. २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की पाहण्याचा सरासरी वेळ फुगवून दाखवला गेला होता. भागाकारात भाजक चुकला होता. समजा १० जणांनी व्हिडिओ सुरू केला; पाच जणांनी २ सेकंद पाहिला, पाच जणांनी २० सेकंद. एकूण ११० सेकंद, म्हणजे सरासरी ११. पण ३ सेकंदांखालचे प्रेक्षक भाजकातून वगळले, की ११० भागिले ५, म्हणजे सरासरी २२. आकडा सरळ दुप्पट.

‘जो पाहतो त्याचेच पैसे’

हे फक्त एका प्रकारच्या खरेदीला लागू होतं. यूट्यूबने डिसेंबर २०१० मध्ये ट्रूव्ह्यू, म्हणजे प्रति व्ह्यू पैसे घेणारी जाहिरात, आणली तेव्हा ५ सेकंदांनंतर स्किपचं बटण आलं आणि ३० सेकंदांआधी स्किप केल्यास शुल्क नाही, असा नियम झाला. पण ६ सेकंदांच्या बंपर जाहिरातींचे, स्किप न होणाऱ्या जाहिरातींचे आणि स्ट्रीमिंग टीव्हीवरच्या बहुतेक जागांचे पैसे हजार इम्प्रेशनच्या (जाहिरात एकदा दाखवली गेली की एक इम्प्रेशन) दराने जातात, कुणी पाहो वा न पाहो.

प्रति व्ह्यू खरेदीतही प्रत्येक जागेसाठी जाहिरातदारांमध्ये लिलावच असतो. १,००० इम्प्रेशनपैकी ३०० जणांनी पाहिलं आणि प्रति व्ह्यू २ सेंट पडले, तर हजार इम्प्रेशनमागे ६ डॉलर झाले. ४०० जणांनी पाहिलं, तर तेच ६ डॉलर दीड सेंटच्या दरात निघतात. म्हणजे चांगली जाहिरात त्याच जागेसाठी कमी दरात लिलाव जिंकू शकते. दर ठरवण्यात टार्गेटिंगइतकाच (जाहिरात कुणाला दाखवायची, याइतकाच) क्रिएटिव्हचा, म्हणजे खुद्द जाहिरातीचा, हात असतो, आणि बहुतेक जण घासाघीस मात्र फक्त टार्गेटिंगवर करतात.

‘स्किप झाली की वाया गेली’

उलट, प्रति व्ह्यू खरेदीत पहिली ५ सेकंदं फुकट मिळतात. वाया घालवतो तो टीव्हीचा ३० सेकंदांचा स्पॉट जसाच्या तसा लावणारा, कारण त्यात ब्रँडचं नाव २७व्या सेकंदाला येतं. पहिल्या ५ सेकंदांत वस्तू किंवा नाव दिसलंच पाहिजे. फीडमध्ये आवाज बऱ्याचदा बंद असतो, तेव्हा मजकूर पडद्यावर हवा.

‘टीव्हीवर अंदाज, इथे चोख हिशेब’

या मजकुरातलं सर्वांत महागात पडणारं वाक्य हेच. अमेरिकेत सिद्ध झालेल्या ‘मेथबॉट’ प्रकरणात १,९०० हून अधिक भाड्याच्या सर्व्हरवर ५,००० हून अधिक खऱ्या डोमेनची (वेबसाइटच्या पत्त्यांची) नक्कल करून जाहिराती चालवल्या गेल्या. प्रोग्रॅम खोटा माउस हलवत होते, पान स्क्रोल करत होते, व्हिडिओ मध्येच थांबवतही होते. जाहिरातदारांचे ७० लाखांहून अधिक डॉलर गेले आणि सूत्रधाराला २०२१ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. रिपोर्टमध्ये ते सगळे ‘प्रेक्षक’च होते.

म्हणून डोमेन आणि ॲपनिहाय प्लेसमेंट रिपोर्ट, म्हणजे जाहिरात कुठे कुठे दिसली याची यादी, मागा. ‘इतर’ या नावाखाली मोठा हिस्सा दडवला असेल, तर तिथेच खोदा. विक्रेत्याचं नाव त्या डोमेनच्या ॲड्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये (आपल्या जाहिरातीच्या जागा कोण विकू शकतो, याची साइटने जाहीर केलेली यादी) आहे का ते पाहा. ही पद्धत २०१७ मध्ये आली ती याच नकलेला आळा घालायला. मग जाहिरातीचा २५, ५०, ७५ आणि १०० टक्के भाग किती जणांनी पाहिला, ते टप्पे तपासा. माणसं हळूहळू गळतात. चारही आकडे जवळपास सारखे असतील आणि क्लिक शून्याजवळ असतील, तर पानाच्या कोपऱ्यात आवाज बंद करून आपोआप चालणारा छोटा प्लेअर असण्याची दाट शक्यता आहे. व्हास्टचे (व्हिडिओ जाहिरात प्लेअरपर्यंत पोचवण्याच्या प्रमाणित पद्धतीचे) एरर कोडही मागा. ३०१ म्हणजे एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाताना वेळ संपली. ३०३ म्हणजे साखळी फिरूनही जाहिरात आली नाही. हे वाढले तर मधले दलाल जास्त झालेत.

‘विक्री वाढणारच’

जो आधीच विकत घेणार होता, त्यालाच जाहिरात दाखवून श्रेय घेणं सोपं असतं. रीमार्केटिंगचे (आधी साइटवर येऊन गेलेल्यांनाच पुन्हा जाहिरात दाखवण्याचे) देखणे आकडे बऱ्याचदा असेच तयार होतात. खरा परिणाम कळतो तो तुलनेतून: सारख्या विक्रीचे दोन भौगोलिक गट निवडा, एकात जाहिरात चालवा, दुसऱ्यात पूर्ण बंद ठेवा, आणि खरेदीचं एक पूर्ण चक्र संपेपर्यंत दोन्हींकडची विक्री आपल्या बिलांवरून मोजा, प्लॅटफॉर्मच्या डॅशबोर्डवरून नव्हे. चाचणी चालू असताना सवलत, किंमत किंवा बजेट बदललं तर ती बाद समजून पुन्हा सुरू करावी लागते.